बिघाडाचं कारण

मिस्त्रींनी प्रेसच्या तेलाच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घातला आणि तोंड वाकडं केलं. तेल कसलं, नासलेला काढाच तो. तळाशी बोटांना काहीतरी बुळबुळीत लागलं. त्यांनी ओढलं. तेलाच्या गाळणीला सुतळीने आवळून बांधलेलं एक बनियन बाहेर आलं. काळंकुट्ट, ओघळणारं, काखेत फाटलेलं.

बाकावर वर्षातला तिसरा पंप उघडा पडला होता. आतल्या चकतीला वाळवीने खाल्ल्यासारखी भोकं. पंपाला पुरेसं तेल ओढता आलं नाही की तेलातच बुडबुडे धरतात आणि फुटता फुटता लोखंड टोकरतात. आवाज येतो खडी दळल्यासारखा. तेलाच्या दाबावर चालणारा तो प्रेस चालवणाऱ्या काकू चार महिने हेच सांगत होत्या. मालक म्हणायचे, “कान तपासून घ्या.” आता मालकांच्या हिशेबी तिन्ही पंप काकूंनीच खाल्ले होते, आणि महिनाअखेर त्यांना घरी बसवायचं ठरलं होतं.

हे मालक म्हणजे मिस्त्रींचे जावई.

“हे कुणाचं?” मिस्त्रींनी बनियन जावयापुढे धरलं.

जावयाने आधी दाराकडे पाहिलं. “माझंच. कचरा आत जाऊ नये म्हणून मीच बांधलं. टाकी साफ करायची म्हणजे दोन दिवस काम बंद.”

“वा, जावईबापू. घाण तशीच ठेवली आणि पंपाचं नाक दाबलंत.”

“बाबा, कामगारांपुढे शोभा नको. काकूंनी तेलाचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडला होता, असं म्हणू. शेवटी तुमच्याच लेकीचं घर आहे.”

बाबा! सात वर्षं या छपराखाली ‘अहो मिस्त्री’ होतं. मिस्त्रींनी बनियन नाकापासून लांब धरलं. तेलाच्या वासाची त्यांना चाळीस वर्षांची सवय होती. पण हे स्थळ त्यांनी स्वतः चपला झिजवून आणलं होतं.

त्यांनी टाकी खरवडून काढली. नवी गाळणी, नवं तेल, नवा पंप. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी बटण दाबलं. पंप जेवून आडव्या झालेल्या माणसासारखा संथ घोरू लागला. कामगार गोळा झाले.

“बघितलंत?” जावई मोठ्याने म्हणाला. “मिस्त्रींनी बरोब्बर शोधलं. काकू, यापुढे व्हॉल्व्ह...”

मिस्त्री कामाचा कागद भरत होते. संध्याकाळी लेकीकडे जेवायला बोलावणं होतं. ते आता राहिलं, हे त्यांना लिहितानाच कळलं. तरी अक्षर त्यांनी मुद्दाम ठळक काढलं. त्यांची पद्धत जुनी होती: यंत्र चालवणाऱ्याने कागद सगळ्यांदेखत मोठ्याने वाचायचा, मगच सही.

काकूंनी चष्मा लावला.

“बिघाडाचं कारण,” त्या एकेक शब्द जुळवत वाचू लागल्या, “गाळणीवर... मालकांनी बांधलेलं... मालकांचं बनियन.”

मागे कुणीतरी हसू खोकल्यात दडवलं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी सही केली, तारीख घातली. खाली आणखी एका सहीची जागा होती. त्यांनी पदराने पेन पुसलं आणि पुढे धरलं.

“घ्या, मालक.”