कॅम्प चारचे नियम

श्यामकांत त्या रविवारी हरला नसता तर त्याच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडतो. पंपरूमची किल्ली त्याच्या खिशातून गेली असती. जेवताना ‘पाणी का नाही आलं?’ असा फोन आला, तर ‘नव्या सेक्रेटरींना विचारा’ एवढं बोलून त्याला पुढचा घास घेता आला असता. आणि बायकोला, म्हणजे आमच्या वृंदावहिनींना, दोन दिवस नागोठण्याला माहेरी, बहिणीकडे नेण्याचं वचन, जे तो सेक्रेटरी झाल्यापासून देत आला होता, ते एकदाचं फिटलं असतं. नुकसानीच्या बाजूला मला काहीच सापडेना. ज्या व्यवहारात नुकसानीची बाजू कोरी दिसते, तिथे काहीतरी लिहायचं राहिलेलं असतं, हे मला खजिनदार म्हणून ठाऊक आहे.

आमची सोसायटी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली, लहानशी. वार्षिक सभेत ‘नवीन सेक्रेटरी’ हा विषय निघाला की लोक चपला शोधायला लागतात. यंदाही शोधल्या. उरले तिघे. श्यामकांत, कारण तो जुना सेक्रेटरी, जाणार कुठे? अंबरनाथ एमआयडीसीत क्वालिटी ऑफिसर असल्यामुळे त्याला घरातल्या चहाचीही तपासणी करायची सवय. दुसरे तळमजल्यावरचे हरेशभाई. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्यांचं चेन-बटणांचं दुकान आहे, घर मात्र मोठं हवं म्हणून बदलापूरला घेतलेलं. आणि तिसरा विक्रांत, इन्शुरन्समधला तरुण मुलगा. त्याची चूक एवढीच, की तो लेसचे बूट घालून सभेला आला होता.

“चिठ्ठ्या टाकू,” मी म्हटलं.

“चिठ्ठीत नशीब असतं, काका. पोकर खेळू. त्यात डोकं लागतं,” विक्रांत म्हणाला.

“पत्तेच ना? दिवाळीत आमच्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळे बसतात. मंजूर!” हरेशभाई म्हणाले.

श्यामकांतने छताकडे बघत विचार केल्यासारखं केलं. “मला फारसं येत नाही,” तो म्हणाला, “पण चालेल.” वृंदावहिनी तेवढ्यात खोकल्या. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता हा माणूस मोबाइलवर पोकरच खेळतो, हे त्यांना ठाऊक होतं.

ठरलं ते असं : रविवारी दुपारी श्यामकांतकडे बसायचं, पैसे नाहीत, तिघांना सारखे वाल. कडवे वाल, वहिनींच्या डब्यातले. ज्याचे आधी संपतील तो सेक्रेटरी. मी खजिनदार असल्यामुळे उमेदवारीतून सुटलेलो. मला पत्ते वाटायला बसवलं.

“संध्याकाळी माझे वाल मला परत हवेत,” वहिनींनी बजावलं. “रात्री भिजत घालायचेत, परवा बिरडं आहे.”

विक्रांतने खेळ समजावला. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळणार, मधे पाच पत्ते एकेक करून उघडणार, ते सगळ्यांचे. आपले दोन आणि मधले पाच यांतून ज्याचे पाच पत्ते भारी, तो डाव उचलणार.

“कळलं ना सगळ्यांना?” श्यामकांतने विचारलं.

“साईं, पत्ते आहेत, पासपोर्टचा फॉर्म नाही. वाट तू,” हरेशभाई मला म्हणाले.

भांडणाचं बी इथेच पडलं. हरेशभाईंना कळलं होतं ते एवढंच, की ही तीन पत्तीच आहे, फक्त पत्ते जास्त. ते आपले पत्ते न बघताच वाल लावायचे आणि विक्रांतच्या निम्मे लावायचे.

“हरेशअंकल, पूरे लगाओ ना.”

“अरे, मी ब्लाइंड आहे. ब्लाइंडला अर्धी चाल.”

“पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे वेगळं असतं!”

“बेटा, डोळे मिटले की सगळीकडे अंधारच असतो.”

थोड्या वेळाने मोठा डाव आला. विक्रांतकडे पाच बदाम जमले, म्हणजे कलर. त्याने वाल ओढायला हात पुढे केला, तर हरेशभाईंनी तो अलगद बाजूला सारला. त्यांच्याकडे पंजीपासून नश्शीपर्यंत सरळ ओळ होती, म्हणजे सिक्वेन्स.

“कलर मोठा!” विक्रांत म्हणाला.

“सिक्वेन्स मोठा. आमच्या कॅम्प चारमध्ये आजोबांपासून सिक्वेन्स मोठा आहे.”

“तो तीन पत्तीत! हे पोकर आहे. श्यामकाका, तुम्ही सांगा.”

आता श्यामकांतला खरं उत्तर माहीत होतं. पोकरमध्ये कलरच मोठा. बसमध्ये तो यावरच कित्येकदा हरला होता. पण त्याने विक्रांतसमोर उरलेल्या वालांकडे पाहिलं. हा डाव गेला, तर पोरगा मूठभर वालांवर येणार, म्हणजे किल्ली त्याच्याच खिशात जाणार. मी श्यामकांतचा चेहरा बघत होतो. त्यावर नफा स्पष्ट उमटला.

त्याने घसा साफ केला. सहा वर्षं सेक्रेटरी असलेला माणूस घसा साफ करतो तेव्हा ठराव येतो.

“असं आहे,” तो म्हणाला, “हरेशभाई वयाने मोठे, त्यांचा अनुभव मोठा. तेव्हा आज ह्या घरात पत्त्यांचे जे काही वाद होतील, ते कॅम्प चारच्या नियमांप्रमाणे सुटतील. सूचक मी.”

“अनुमोदक मी!” हरेशभाईंनी वाल ओढले.

“काका, ये चीटिंग है,” विक्रांत म्हणाला.

“ठराव मंजूर झालाय,” श्यामकांत म्हणाला.

विक्रांत शहाणा निघाला. उरलेले वाल मुठीत धरून तो प्रत्येक डाव सोडायला लागला. डाव सुरू होताना बळजबरीने लावावे लागणारे एक-दोन जायचे, तेवढेच. श्यामकांत त्याच्या संपण्याची वाट बघत होता, मधेच फोनवर कुणाला तरी “मोटर चालू आहे हो, वरच्या मजल्यावर वेळ लागतो,” असं सांगत होता आणि घाई वाढत होती. त्यातच त्याला पत्ते आले : एक्का आणि राजा.

मधे चार पत्ते उघडले : एक्का, राजा, राणी, दश्शी. श्यामकांतच्या दोन मोठ्या जोड्या झाल्या. विक्रांतने पत्ते टाकले. समोर राहिले हरेशभाई, ज्यांनी आपले पत्ते अजून उलटूनही पाहिले नव्हते, ते भजी खात होते.

श्यामकांतने आपले सगळे वाल मधे लोटले. “बस झालं. घ्या, शो!”

“तुम्ही शो मागितला?” हरेशभाईंनी विचारलं.

“मागितला.”

“नक्की?”

“एकदा सोडून तीनदा नक्की.”

हरेशभाईंनी तेवढेच वाल लावले. मी पाचवा पत्ता उघडला. चौकटचा गुलाम.

दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का : अख्खी ओळ मधेच पडलेली, चारही रंगांची मिसळ. मधली ओळ सगळ्यांची, म्हणजे दोघांचाही सिक्वेन्स, तोच आणि तेवढाच. हरेशभाईंनी आपले पत्ते आता उलटले. सत्ती आणि तिर्री.

“बरोबरी!” श्यामकांत ओरडला. “अर्धे-अर्धे. पोकरमध्ये बरोबरी झाली की वाटून घेतात!”

“पोकरमध्ये,” हरेशभाई मान डोलवत म्हणाले. “कॅम्प चारमध्ये बरोबरी झाली, की ज्याने शो मागितला तो हरतो.”

“हा कुठला नियम?”

“तोच, काका,” विक्रांत इतका गोड बोललेला मी कधी ऐकला नव्हता. “सूचक तुम्ही.”

श्यामकांतने माझ्याकडे पाहिलं. मी पत्ते गोळा करायला लागलो. त्याने बायकोकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता? झालं नागोठणं,” वहिनी म्हणाल्या. आवाज हसरा होता, पण पदराचं टोक त्यांनी बोटाला घट्ट गुंडाळलं होतं. मग त्यांनी रिकामा डबा आणून हरेशभाईंपुढे ठेवला. “हरेशभाई, वाल ह्यात घाला. आणि आता माझ्या माहेरचा नियम ऐका. आमच्याकडे जो सगळं जिंकतो, तो हरलेल्याचं काम दोन दिवस सांभाळतो.”

“भाभी, ये कहाँ का नियम है?”

“नागोठण्याचा.”

“पण आज तर कॅम्प चारचे नियम—”

“ते पत्त्यांच्या वादांचे. पत्ते उचललेत. आता घर माझं आहे आणि परवाचं बिरडंही माझं आहे. डबा पाठवू का नको?”

हरेशभाईंनी भज्यांच्या रिकाम्या बशीकडे पाहिलं. श्यामकांतने किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली, पंपाचा खटका कुठला, कुठला व्हॉल्व आधी, हे सांगायला सुरुवात केली आणि थांबेचना. शेवटी वहिनींनीच त्याला दारातून आत ओढलं.

माझा जमाखर्च असा. विक्रांतचा एक सच्चा कलर गेला आणि वर्ष वाचलं. हरेशभाईंना बिरड्याचा डबा मिळाला, त्याबदल्यात दोन दिवसांचा पंप आणि वरच्या मजल्याचे सगळे फोन. वहिनींचे वाल सोफ्याखाली गेलेले सोडून परत आले, नागोठणंही पदरात पडलं. बाकी सगळं, म्हणजे पुढचं अख्खं वर्ष, एकट्या श्यामकांतने भरलं, सूचक म्हणून.