एकसष्ट कॅसेटी

नालवाडीच्या वासुदेवरावांनी तीस वर्षं रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून शेतीचे कार्यक्रम आणि भजनं टिपली होती. त्या एकसष्ट कॅसेटी आता त्यांची नात वर्षाली आपल्या कॉलेजच्या संग्रहासाठी कॉम्प्युटरवर उतरवत होती.

"आबा, किती साफ रेकॉर्डिंग हाय! मधात कोनाचाच आवाज नाई."

"कसा येईन? टेप सुरू केला का तुह्या आजीले मी अंगनात धाडत होतो. थंडीतही."

आजीला, गिरजाबाईंना, जाऊन दोन महिने झाले होते. त्यांचा आवाज घरात कुणाच्या फोनमध्येही नव्हता. वासुदेवरावांनी कॅसेटींचा खोका पुढे ओढला.

"सगळ्या पुन्हा लाव पोरी. एखाद्या वेळी तिनं हाक मारली असन."

आठ दिवस दोघं ऐकत बसली. बोंडअळी, बाजारभाव, भजनं, सगळं स्पष्ट ऐकू आलं. एका कॅसेटमध्ये दार वाजलं तेव्हा वासुदेवराव पुढे वाकले. पण कुणी बोललं नाही.

शेवटची कॅसेट संपल्यावर वर्षालीनं हळूच विचारलं, "कॉलेजात देऊ ना, आबा?"

"दे. लोकायच्या कामी येतीन," वासुदेवराव म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.