अनुसयाबाईचं भांडण

आखाडा बाळापूरच्या बाहेर, नांदेडच्या रस्त्याला दूध थंड करायची एक डेरी आहे. तिथला मशीनवाला जळबा दिवसातून एकदाच माणसाशी धड बोलायचा, आणि तेही शिव्या खाण्यापुरतं. शिव्या देणारी अनुसयाबाई. डेरीच्या भिंतीला लागून तिचं पत्र्याचं घर, दारात पाच-सात शेळ्या, पोरगा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर. दुपार कलली की ती डेरीच्या फाटकाशी यायची, एका हातात लुगडं धरायची, दुसरा कमरेवर ठेवायची आणि सुरू व्हायची.

"ए डेरीवाल्या! ये बाहेर! बघ हे. सकाळी खळखळून धुतलं, आन् आता बघ, चुना शिंपडल्यावानी झालंय. तुझ्या त्या टावरला आग लागो!"

बाई खोटं बोलत नव्हती हो. दूध थंड करायचं म्हणजे त्याची उष्णता कुठंतरी टाकावी लागते. ती जाते पाण्यात, आणि ते तापलेलं पाणी निवावं म्हणून अंगणात तो उंच टावर. पाणी वरून शिंपडायचं, पंख्यानं वारा ओढायचा. थोडं पाणी वाफ होऊन जातं, ते जायलाच पाहिजे, त्याशिवाय बाकीचं निवत नाही. पण वाऱ्याबरोबर अख्खे थेंबही उडून जायला लागले तर तो निव्वळ नास. ते अडवायला पंख्याखाली नागमोडी फळ्या बसवलेल्या असतात. या टावरच्या फळ्या कधीच मोडून पडल्या होत्या आणि कोणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. बोअरचं पाणी जड, खारं. थेंब भिंत ओलांडून अनुसयाबाईच्या दोरीवर पडायचा, वाळायचा आणि पांढरा डाग ठेवून जायचा.

"व्हय मावशी, चुकलंच," जळबा म्हणायचा.

"चुकलं म्हनतो आन् करत काईच न्हाईस! आन् तोंड काहून असं सुकलंय? जेवलास का न्हाई?"

"भाकर खाल्ली."

"कोरडीच खाल्ली असंल. तुला सांगून काय फायदा, तू ऐकतो थोडाच!"

असं अर्धा-पाऊण तास चालायचं. शेळी ओरडली की ती "आले गं बाई" म्हणत परत फिरायची आणि जळबा मशीनच्या खोलीत यायचा. त्याच्या अंगात थोडी तरतरी आलेली असायची. गंमत वाटेल, पण त्याला ते भांडण गोड लागायचं.

कारण बाकी दिवस म्हणजे नुसती घरघर. बायको गेल्यावर त्यानं हट्टा गावातल्या आपल्या घराला कुलूप लावलं आणि डेरीमागच्या खोलीत पथारी टाकली. एकुलता एक पोरगा धम्मदीप पुण्यात कंपनीत. रविवारी फोन करायचा. "पप्पा, सगळं बराबर ना?" असं विचारायचा आणि जळबानं व्हय म्हणायच्या आत "ठेवतो, लाइनवर काम चालू हाय" म्हणायचा. पोरगं वाईट नव्हतं, त्याला वेळ नव्हता. दूध घालणारे यायचे, कॅन उतरवायचे, गाडी चालूच ठेवून निघून जायचे. मशीनशी बोलावं तर मशीन काही उलटून बोलत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात बोअरनं दम सोडला. डेरीचे इन्चार्ज किसनराव येऊन डोकं धरून बसले. "जळबा, काहीतरी कर बाबा. टावर सगळं पाणी पिऊन राहिला. असंच चाललं तर डेरीला कुलूप लागंल."

जळबानं केलं, आणि मनापासून केलं. नव्या फळ्या मागवल्या, पंखा बंद करून वर चढला, एकेक फळी फट न ठेवता बसवली. टाकीचा फ्लोट झिजला होता, पाणी वरून वाहून जायचं, तोही बदलला. थेंब उडायचे थांबले. पाणी एवढं वाचायला लागलं की किसनरावांना भलताच हुरूप आला. त्यांनी भिंतीतून पाइप काढून गल्लीत एक नळ दिला. रोज सकाळी तासभर गल्लीनं त्यावर पाणी भरायचं, कॉक आतून जळबानं उघडायचा. गल्लीत टँकर येईल तेव्हा येईल अशी गत होती. बाया हरखून गेल्या.

फळ्या बसल्या त्या दिवशी जळबानं दाढी केली, धुतलेला सदरा घातला. आज अनुसयाबाई लुगडं घेऊन येईल, उलटंपालटं करून बघेल, एकही डाग सापडायचा नाही. मग काय म्हणेल? तो दुपारपासून फाटकाकडं बघत बसला. दिवस मावळला, पण ती काही आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. आणि काहून येईल? डागच नाहीत तर भांडायला कशाला कोण येतं! हे आपल्या आधीच ध्यानात कसं आलं नाही, म्हणून जळबानं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी कॉक उघडला की भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा. "ए, घागर काढ माझ्या फुडून! नंबर कोनाचा हाय?" ती आता दुसऱ्यांशी भांडत होती. जळबा भिंतीला टेकून ऐकत राहायचा. त्याला चक्क हेवा वाटायचा त्या बायांचा.

एकदा ती बाजारात समोरासमोर आली. जळबाला केवढा आनंद झाला. तो तोंड भरून "मावशी" म्हणाला, तर बाईनं पदर डोक्यावर ओढला, रस्त्याच्या कडेला सरकली आणि खाली मान घालून म्हणाली, "रामराम साहेब."

साहेब! जळबाच्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. उभ्या जन्मात त्याला कोणी साहेब म्हटलं नव्हतं, आणि त्या एका शब्दानं त्याला जेवढं परकं केलं तेवढं कशानंच केलं नव्हतं.

मग त्यानं नको ते केलं. सकाळी पंखा बंद करून तो वर चढला आणि अनुसयाबाईच्या घराकडच्या चार फळ्या काढून ठेवल्या. चारच. पुन्हा थेंब उडाले, भिंतीपलीकडं गेले. दुपारी तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. एक लुगडं खराब होईल, ती येईल, चांगली झाडेल आपल्याला, मग बसवू फळ्या परत, एवढाच त्याचा हिशेब होता.

ती आली नाही. एक दिवस गेला, दोन गेले. तिकडं टाकी मात्र खाली जायला लागली. आधी डेरीचं भागवायचं, मग गल्लीचं, तेव्हा नळ तासाच्या आतच धापा टाकू लागला. तिसऱ्या सकाळी तो फसफसून बंद पडला तेव्हा रांगेत अजून बाया होत्या. जळबा भिंतीशी कान लावून उभा. आता बोंबाबोंब होणार! पण कोणी हू की चू केलं नाही. एवढंच ऐकू आलं, "जाऊ द्या गं. काई बोलू नका. रागावला तर नळच बंद करील." आवाज अनुसयाबाईचा होता. रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटत लांब गेल्या.

जळबाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं आपल्या पिण्याच्या पाण्याच्या दोन बादल्या भरल्या आणि पहिल्यांदाच भिंतीला वळसा घालून तिच्या दारात गेला.

अनुसयाबाई बाजेवर बसून लुगडं ओल्या फडक्यानं पुसत होती. लुगड्यावर पांढरे ठिपकेच ठिपके. त्याला बघताच तिनं ते घाईघाईनं मागं लपवलं आणि उठून उभी राहिली.

"काई न्हाई साहेब. आमची काई तक्रार न्हाई. तुमच्यामुळं गल्लीला पानी हाय. उगं तुमाला तकलीफ..."

"मावशी, मला साहेब म्हनू नका," जळबा म्हणाला. बादल्या त्याच्या हातातच होत्या. "फळ्या म्या काढल्या. नव्या होत्या, चांगल्या होत्या. मुद्दाम काढल्या."

"काहून?"

"तुमी यावं म्हनून. तुमी रोज भांडाया यायच्या. दिवसभर मला दुसरं कोनी बोलत न्हाई. फळ्या बसवल्या आन् तुमी यायच्या बंद झाल्या." "मला लई एकटं वाटतं, मावशी."

आधी अनुसयाबाईला काही उमजेना. मग उमजलं, आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर आला.

"आरं मुडद्या! गल्लीतली लेकरं पान्यासाठी रडून राहिली, आन् तू पानी हवेत उडवून राहिला? माझ्या शिव्या खायला? आज माझी घागर रिकामी आली, शेळ्या तहानलेल्या हायेत, आन् ह्याला बोलाया मानूस पाहिजे! आरं, शिव्या पाहिजे होत्या तर दारात येऊन मागायच्या. शिव्यांना काय बोअर लागतो का?"

शेजारच्या बाया दाराशी आल्या. जळबा मान खाली घालून उभा होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

"रडतो काय? चल! आत्ताच्या आत्ता बसव. मी येते बघायला. तुझा काई भरोसा न्हाई मला."

भर उन्हात जळबा टावरवर चढला. खाली अंगणात अनुसयाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिचं तोंड चालू झालं. त्याच्या अकलेवरून ती त्याच्या भाकरीवर आली, भाकरीवरून पुण्याच्या पोरावर, पोरावरून हट्ट्याच्या कुलूपबंद घरावर. काही म्हणजे काही सोडलं नाही तिनं.

जळबा वर एकेक फळी बसवत होता, आणि सावकाश बसवत होता. शेवटची फळी बसली की ती घरी जाणार होती.