धोतरावरचा हात

बाजाराच्या दिवशी मोताळ्यात माणूस शोधायचा तर बाजारात. पण त्या दिवशी भाजीवाल्या बाया टोपल्या झाकून आणि कापडवाले दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून जनकाबाईच्या अंगणात लोटले होते. कुंपणावर माणसं, शेजारच्या टिनाच्या छपरावर माणसं. ओसरीच्या भिंतीवर दोन खिळ्यांना एक पांढरं धोतर ताणून बांधलं होतं आणि त्याच्यापुढे कमळगिरी महाराज डोळे मिटून उभे होते.

"पुंजाजी!" महाराजांनी आरोळी ठोकली. "देह गेला, पर दिल अटकला! आहेस का रे घरात? असशील तर हात दे!"

त्यांनी तांब्यातलं हळदीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि धोतरावर फेकलं. धोतर पिवळं झालं. आणि बघता बघता त्या पिवळ्यात एक लालभडक पंजा उमटला. चार बोटं पुरी, मधलं बोट अर्धं.

"बोट पाह्य बे! तुटलेलं बोट!" छपरावरून कोणीतरी ओरडलं.

पुंजाजी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि तिथल्या यंत्रात त्याचं बोट गेलं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक. बाया मटकन खाली बसल्या. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. महाराजांच्या मागे उभा असलेला रंगराव दलाल तर डोळे पुसू लागला.

एक जनकाबाई तेवढी दाराची चौकट धरून उभी होती. पुंजाजीची बायको. ती ओरडली नाही, रडली नाही. त्या लाल हाताकडे ती बराच वेळ बघत राहिली आणि मग आत निघून गेली.

मी मोताळ्याच्या शाळेत मास्तर. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती आणि मला या गावात येऊन दीड. घर भंडाऱ्याकडे, लग्न झालेलं नाही, जेवण स्टँडजवळच्या खानावळीत. संध्याकाळी बोलायला कोणी नसे. जनकाबाईकडे मी जाऊ लागलो तो पत्र वाचून दाखवायला. वडनेर भोलजीला तिची भाची दिली होती, तिचं महिन्याकाठी एक पत्र येई. पत्र चार ओळींचं, पण जनकाबाई ते माझ्याकडून तीनदा वाचून घेई.

पुंजाजीला जाऊन दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. दोन खोल्या, ओसरी आणि पुढे अंगण एवढं घर. माघ महिन्यात भाचीनं लिहिलं, "मावशी, तिथं एकटी काय करतेस? घर विकून माझ्याकडे ये." आठ दिवस विचार करून जनकाबाई मला म्हणाली, "मास्तर, एक पाटी लिहून द्या. घर विकणे आहे म्हणून."

मी पाटी लिहिली: घर विकणे आहे, मालकिणीस भेटावे. दुसऱ्याच दिवशी रंगराव पाटीपुढे येऊन उभा राहिला. मोताळ्यात घर असो, बैल असो, रंगरावच्या मध्यस्थीवाचून विकलं जात नसे.

"काकू, बिना दलालाचं घर विकते का कोणी?" तो म्हणाला. "लोक फसवतीन तुले."

"माह्यं घर मले ठाऊक हाये," जनकाबाई म्हणाली. "त्याच्यात तू काय सांगशीन?"

रंगराव हसला आणि गेला. पण एक गोष्ट त्याला ठाऊक होती, ती तिला नव्हती. एस.टी.चा नवा स्टँड याच रस्त्यावर येणार होता आणि तिच्या अंगणाच्या जागी चार दुकानं निघाली असती.

सरकारी दवाखान्यातल्या नर्स सिंधूताई घर बघून गेल्या. त्यांना ते आवडलं, भाव पटला. "आठ दिवसांनी आईला घेऊन येते आणि पक्कं करते," म्हणाल्या. त्याच आठ दिवसांत रंगराव कमळगिरी महाराजांना घेऊन आला. घरात शिरताच महाराज थबकले, नाक वर करून त्यांनी हुंगलं आणि म्हणाले, "इथं कोणीतरी आहे." मग पुंजाजीचं एक धोतर मागितलं. ते एक दिवस महाराजांच्या गादीपाशी राहिलं आणि बाजाराच्या दिवशी भिंतीवर आलं. पुढचं मी सांगितलंच.

हात उमटल्यावर महाराजांनी हुकूम सोडला. या घरात परका राहायला आला तर त्याचा वंश बुडेल. ज्याचे ग्रह तगडे, त्यानंच हे घर घ्यावं, तरच पुंजाजी सुटेल. असे ग्रह साऱ्या तालुक्यात एकाचेच निघाले, रंगरावच्या साल्याचे! तो बिचारा अर्ध्याहून कमी भावात हे संकट अंगावर घ्यायला तयार होता. पुढच्या बाजाराला पुन्हा हात उमटेल, त्याच्यासमोर जनकाबाईनं विक्रीच्या कागदावर अंगठा करायचा, असं ठरलं.

सिंधूताई मला रस्त्यात भेटल्या. "मला नाही पटत हो," त्या म्हणाल्या, "पण आई म्हणते, त्या घरात पाय ठेवलास तर मी विहीर जवळ करीन. काय करू?"

मी शेजारच्या पुष्पाबाईशी वाद घातला. ती म्हणाली, "मास्तर, तुमच्या पुस्तकात नसन ते. म्या डोयानं पाह्यलं."

पाहिलं तर मीही होतं, आणि तो रंग कुठून आला हे मला सांगता येत नव्हतं. नुसतं "खोटं आहे" म्हणून कोण ऐकणार?

रविवारी मी कपडे धुवायला बसलो. आदल्या दिवशी खानावळीत सदऱ्यावर वरण सांडलं होतं, त्याचा पिवळा डाग पडला होता. बादलीत धुण्याचा सोडा कालवला आणि सदरा बुडवला. डाग लाल झाला.

गेली कित्येक वर्षं मी माझे कपडे स्वतः धुतो. हळदीचा डाग सोड्यात लाल होतो हे शंभरदा पाहिलं असेल. पण त्या दिवशी मी तसाच ओल्या हातांनी उठलो. एका जुन्या पंच्याच्या तुकड्यावर सोड्याच्या पाण्यानं भिजलेला हात दाबला आणि तो उन्हात टाकला. वाळल्यावर काही दिसेना, कापड कोरं. त्यावर हळदीचं पाणी शिंपडलं. माझाच पंजा लाल होऊन माझ्यापुढे आला.

दुपारी मी जनकाबाईकडे गेलो. चैत्राचं ऊन, रस्त्यावर कोणी नव्हतं. ती ओसरीवर एकटी बसली होती. मी तिच्यासमोर सगळं करून दाखवलं. तिनं ते शांतपणे पाहिलं.

"एक बोट आत दुमडायचं," मी म्हणालो, "की झाला पुंजाजीचा हात."

"त्याइचा कुठचा?" ती म्हणाली. "त्याइचं करंगळीजवळचं बोट गेलं व्हतं. हे मधलं हाये."

मी माझ्याच हाताची ती दोन बोटं चाचपली.

"साऱ्या गावाले आठवते का बोट तुटलं व्हतं. कोणतं, ते कोणाले आठवत नाई. मले पहिल्याच दिवशी समजलं, मास्तर. तीस वर्सं तो हात पाह्यला म्या."

"मग बोलला का नाहीत?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"दोन वर्सं मी इथं अशीच बसतो. सकाळी झाडलं का दिवस सरत नाई. भाजीवाली आली का तिले उगाच भाव इचारतो, घ्याचं काई नसते. हात निंघाला तवापासून घरात माणसं येऊन राह्यली. ही पुष्पा, वर्सभर कुंपण ओलांडून आली नाई, ते आता रोज भाकर आणते. जेवली का म्हणते. खोटा का असेना, त्या हातानं माणसं आणली."

मीही तिच्याकडे पत्र असेल तेव्हाच जात होतो. मी म्हणालो, "पण बाजाराच्या दिवशी रंगराव कागद घेऊन येईल."

"घर कोणाले द्याचं ते मी ठरवीन," जनकाबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्याइच्या नावानं कोणी ठरवू नाई. काय कराचं ते सांगा."

बाजाराच्या दिवशी अंगण पुन्हा भरलं. गर्दी मागच्यापेक्षा जास्त, आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या आलेल्या. रंगरावनं महाराजांकडून आणलेलं धोतर भिंतीवर लावायला घेतलं, तेवढ्यात जनकाबाई बाहेर आली. तिच्या हातात दुसरं धोतर होतं.

"हे लाव," ती म्हणाली. "हेबी त्याइचंच हाये. आताच इहिरीच्या पाण्यातून काढून वाळवलं."

रंगरावनं महाराजांकडे पाहिलं. "मंत्रलेलं लागते काकू..."

"काऊन? माह्या नवऱ्याचा हात तुह्या मंत्राले भेते का?"

लोक हसले, पण त्यांनाही ते पटलं. "लावा, लावा!" गर्दीतून ओरडा झाला. धोतर लागलं. महाराजांनी आरोळी ठोकली. हळदीचं पाणी फेकलं. धोतर पिवळं झालं आणि पिवळंच राहिलं. महाराजांनी दुसरी ओंजळ फेकली, तिसरी फेकली. तांब्या रिकामा झाला.

"इथं कोणीतरी नास्तिक उभा आहे!" महाराज गरजले. "आत्मा रुसला!"

"रुसला नाही," मी पुढे होऊन म्हणालो. "त्याला सोडा मिळाला नाही."

मी परातीत धुण्याचा सोडा कालवला आणि पुष्पाबाईला हात बुडवायला सांगितलं. ती आधी घाबरली. मग सगळ्या बायांकडे पाहून तिनं हात बुडवला आणि एका कोऱ्या पांढऱ्या फडक्यावर दाबला. फडकं उन्हात वाळलं. मी ते सगळ्यांना फिरवून दाखवलं, कोरं होतं. मग त्यावर हळदीचं पाणी टाकलं. पुष्पाबाईचा पंजा लाल होऊन उमटला, मनगटाजवळच्या बांगडीच्या खुणेसकट.

"अरे, माही बायको तं जित्ती हाये!" तिचा नवरा मागून ओरडला आणि सारं अंगण हसलं.

"हळदीला सोडा लागला की ती लाल होते," मी सांगितलं. "यात मंत्र नाही, भूत नाही. हळदीचं लुगडं धुताना तुम्ही सगळ्यांनी हे पाहिलं आहे."

"हाव वो!" एक म्हातारी म्हणाली. "कुकवावानी होते. म्या कितीदा पाह्यलं!"

मग रंगरावनं आणलेलं धोतर लोकांनी त्याच्या काखेतून ओढून घेतलं आणि त्यावर हळद टाकली. हात तयारच होता, मधलं बोट दुमडलेला. तेव्हा जनकाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "माह्या नवऱ्याचं करंगळीजवळचं बोट तुटलं व्हतं." एवढंच. ते ऐकून जिनिंगमधले त्याचे जुने सोबती माना खाली घालून उभे राहिले.

महाराज दुपारच्या मोटारीनं गेले. रंगराव म्हणत राहिला, "मी तं साधा दलाल, मले काय ठाऊक!" ते कोणी मानलं नाही, तरी त्याला कोणी फार बोललंही नाही. गावात अजून कितीतरी घरं त्याच्याच हातून विकली जायची होती.

दुसऱ्या दिवशीपासून जनकाबाईचं अंगण ओस पडलं. दर्शनच नाही, तर यायचं कशाला? पुष्पाबाईची भाकर चार दिवस आली, मग थांबली. मी मात्र रोज संध्याकाळी जाऊ लागलो, पत्र नसलं तरी. आम्ही फारसं बोलत नसू. ती तांदूळ निवडे, मी वह्या तपाशी.

वैशाखात सिंधूताई आईला घेऊन आल्या. म्हातारीनं स्वतःच्या हातानं सोडा-हळद करून पाहिली, तेव्हा कुठे पाय आत ठेवला. व्यवहार जनकाबाईनं ठरवलेल्या भावातच झाला, मध्ये कोणी नव्हतं. खरेदीखत मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं ते मला पुन्हा वाचायला लावलं. भाची न्यायला आली त्या दिवशी जनकाबाईनं घर झाडलं, किल्ली सिंधूताईंच्या हातात दिली आणि मोटारीत बसली. निरोपाला सिंधूताई आणि मी, आम्ही दोघंच होतो. ती वडनेरला सुखात आहे असं भाची लिहिते. खरं काय ते तिथं जाऊन बघायला हवं, आणि सुट्टीत मी जाणार आहे.

हे सगळं लिहिलं ते पुंजाजीच्या घरापुरतं नाही. उद्या तुमच्या गावात भिंत रडेल, नारळ पेटेल, कोणी अंगात आणून तुमच्या घरादाराचा निवाडा करील. तेव्हा हात जोडण्याआधी हात लावून पाहा. वस्तू कोणी आणली, ती कोणाकडे ठेवली होती, आणि यातून घर, शेत कोणाच्या नावावर जाणार आहे, एवढं मोठ्यानं विचारा. ज्याचं खरं असेल तो विचारल्यानं चिडणार नाही. आणि ज्या घरात असला चमत्कार झाला, त्या घरी त्याआधी आपण शेवटचे कधी गेलो होतो, हे स्वतःलाही विचारा.