मोरचूद

हौसेला मोल नसतं. माजलगावच्या सुंदररावांनी दिवाणखान्यात सहा फुटी काचेची टाकी बसवली, मीठ कालवून पाणी खारं केलं आणि त्यात प्रवाळ, कोळंब्या, नारिंगी मासे सोडले. हे सगळं सांभाळायला मुंजाजी होता. पुण्यात माशांच्या दुकानात पाच वर्षं काढून तो हे काम शिकला होता. त्याची बायको मंगल त्याच बंगल्यात धुणीभांडी करायची.

मालक येता-जाता मूठ मूठ खाद्य टाकायचे. व्हायचं तेच झालं, दगडांवर तांबडा चिकट थर चढला. आणि रविवारी त्यांच्या पोरीला बघायला घाटनांदूरचे पाहुणे यायचे होते.

"दिसतंय शेवाळ, पण जंतू हायत, मालक. तीन दिवस दिवा बंद ठेवा, खाणं कमी करा. थर मी नळीनं ओढतो. आठ दिवस लागत्याल."

"रविवारी टाकी चकाचक पायजे बे. न्हाईतर चालू पड!"

घरी मंगल म्हणाली, "आमच्या दिंद्रुडला शेततळ्यात मोरचूद टाकत्यात. एका दिसात शेवाळ खलास."

मुंजाजी नुसता हसला. ते निळं विष कोळंब्यांना खाईल, हे सांगायचं राहूनच गेलं.

रविवारी सकाळी पाणी दुधाळ झालं होतं. कोळंब्या उताण्या, प्रवाळाचं मांस गळालेलं. घाणीनं पाहुण्या बायकांनी नाकाला पदर लावले, चहा न घेताच सगळे उठले. मुंजाजी मागच्या दारी धावला. तिथं मंगल केराच्या टोपलीपाशी हातात रिकामी पुडी घेऊन उभी होती. पुडीला निळी भुकटी लागलेली.

मालकांच्या पुतण्यानं, युवराजनं, त्याला फरफटत अंगणात आणलं. पहिल्याच लाथेत मुंजाजीचे दोन दात पडले.

"इख कुणी टाकलं बे?" सुंदररावांच्या हातात ट्रॅक्टरचा पाना होता. "ज्यानं टाकलं त्याचा हातच ठेवीत न्हाई!"

मंगल काहीतरी सांगायला पळत येत होती.

"मीच टाकलं!" मुंजाजी ओरडला.

सुंदरराव क्षणभर थांबले. युवराजनं मुंजाजीचा उजवा हात फरशीवर दाबून धरला आणि पाना खाली आला. एकदा, दोनदा, तीनदा. हाडं मोडल्याचा आवाज चुलीपर्यंत गेला.

दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात त्यानं रक्त थुंकत विचारलं, "कावून टाकलंस गं?"

"मी?" मंगल बघतच राहिली. "काल राती मालकानं मोरचूदाची पुडी मागितली, मी कोठीतून आणून दिली. त्यांनीच ओतली की! मला वाटलं, तुमीच सांगितलं असंल."

"मग बोलली का न्हाईस?"

"तेच सांगाया पळत आलते. तुमीच मधी वरडलात."

मुंजाजीच्या डोक्यात रक्त चढलं. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं आणि तरी त्यानं तीनदा मारलं. त्यानं डाव्या हातानं रिक्षावाल्याचा खांदा धरला.

"फिरव. बंगल्यावर घे."

"अवं, हात बघा आधी!"

"एक हाय अजून," मुंजाजी म्हणाला.