नाव घेईपर्यंत

दर गुरुवारी दुपारी तीन वाजले की गावातल्या म्हाताऱ्यांना पोरं व्हावं लागायचं. शिकायला मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद पडली आणि त्याच इमारतीत म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळण्याचं केंद्र निघालं. पाढ्यांच्या वर्गात आता गुडघ्यांचे व्यायाम चालत. तिथं काम करणारी चिनात्सु पंचविशीची आणि भारी हौशी होती. लहानपणची गाणी म्हटली की स्मरणशक्ती शाबूत राहते, असं ती कुठूनसं शिकून आली होती. शिकून आलेल्या माणसापुढं कुणाचं काय चालतं?

तिनं गावातलंच एक जुनं खेळगाणं शोधून काढलं. एकानं मधोमध डोळे झाकून बसायचं, बाकीच्यांनी भोवती गोल धरायचा, आणि गाणं संपताना एकानं गुपचूप येऊन त्याच्या पाठीशी उभं राहायचं.

डोंगर निजला, ओढा निजला,
चुलीतला विस्तव निजला,
एकटं पोर जागं कोण?

मधल्यानं मागच्याचं नाव ओळखायचं. बरोबर आलं तर जागांची अदलाबदल, चुकलं तर पुन्हा गाणं. आणि मधल्यानं बरोबर नाव घेईपर्यंत मागच्यानं जागचं हलायचं नाही.

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या नोबुएला हे गाणं शब्द न् शब्द पाठ होतं. ऐंशी वर्षांत तिनं ते तोंडातून काढलं नव्हतं.

लढाईचे दिवस होते तेव्हा. नोबुए आठ वर्षांची, धाकटी फुमी पाच. नोबुएकडं झेलायच्या पाच कापडी पिशव्या होत्या, आत अझुकीचे, चवळीसारख्या लाल कडधान्याचे, दाणे भरलेले. फुमीनं एक दिवस त्यांच्या शिवणी उसवल्या, दाणे आईला नेऊन दिले आणि आईनं ते पेजेत शिजवले. पेज नोबुएनंही खाल्ली, पण राग काही गिळला नाही. त्याच संध्याकाळी शाळेमागच्या देवळाच्या अंगणात खेळ रंगला. नोबुए मधे होती. गाणं संपलं तेव्हा मानेवर श्वास आला, त्याला वाळवलेल्या मुळ्याचा वास होता. दिवसभर मुळा चघळणारी पोर गावात एकच. नोबुएनं बरोबर ओळखलं आणि मुद्दाम म्हणाली, "गेनझो."

गेनझो हा गोलातला पोरगा तर तिच्या नाकासमोर उभा होता. सगळे खो खो हसले. तेवढ्यात देवळाची घंटा झाली आणि गोल फुटला, जो तो घराकडं पळाला. नोबुएही पळाली, मागं वळून न बघता. फुमी नियमाला पक्की होती. ती उभीच राहिली.

मग गाव रात्रभर ढोल आणि पातेली बडवत डोंगरात फिरलं, पोर परत द्या म्हणून तिथल्या देवाभुतांना ओरडून सांगत राहिलं. सकाळी अंगणात फुमीच्या गवताच्या दोन चिमुकल्या चपला तेवढ्या सापडल्या, शेजारी शेजारी, नोबुए जिथं बसली होती तिकडं तोंड करून.

आपण मुद्दाम चुकीचं नाव घेतलं, हे नोबुएनं कुणाला सांगितलं नाही. लग्नाची वेळ आली तेव्हा सासरी जायला तिनं साफ नकार दिला, घरजावई आणायला लावला. फुमी आली तर दार कोण उघडणार, हे एकच तिच्या मनात होतं. नवरा गेला, मुलगा शहरात गेला, ती त्याच घरात राहिली.

पहिल्या गुरुवारी चिनात्सुनं तिलाच खुर्चीत बसवलं. गाणं संपलं आणि मानेवर श्वास आला. वाळवलेला मुळा. नोबुएनं नाव घेतलं नाही, काठी टेकत ती खुर्चीतून उठली.

"अहो आजी, मागं कुणीच नव्हतं," चिनात्सु नंतर हसत म्हणाली. "सगळ्यांचे पाय दुखतायत, कोण उठणार? गंमत म्हणून जागा रिकामी ठेवली मी."

समोरच्या खुर्चीत तोच गेनझो होता. उभी हयात सुतारकीत गेलेला, आता अर्धा बहिरा आणि त्याहून चावट. त्या दिवशी मात्र तो चावटपणा करत नव्हता. चहाच्या वेळी खुर्ची ओढून तो जवळ आला.

"तेव्हा देवळापाशी तू माझं नाव का घेतलंस गं? मी तर तुझ्या समोर होतो."

"रागावले होते मी."

"अजून उभी आहे ती?"

नोबुएनं मान डोलावली. गेनझोनं चहाचा कप खाली ठेवला. "मग घे की नाव तिचं. पण नियम ध्यानात ठेव बाई. तिला बसवलंस तर उभं तुला राहावं लागेल."

आठवडाभर नोबुएला दुसरं काही सुचलं नाही. भीती होतीच, मरणाच्या दारात उभं राहिलं म्हणून ती काही कमी होत नाही. पण पाच वर्षांची पोर ऐंशी वर्षं उभी आहे, हे त्याहून सोसवत नव्हतं. गुरुवारी सकाळी तिनं घर झाडून काढलं, अझुकीची पेज शिजवून झाकून ठेवली आणि दाराला कुलूप लावलं नाही.

केंद्रात ती आपणहून खुर्चीत बसली. गाणं झालं. श्वास आला.

"फुमी," ती म्हणाली. "फुमी, माझी चूक झाली गं."

मागं कुणीतरी खोल सुस्कारा टाकला. नोबुए उठली, काठीशिवाय, आणि खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. खुर्चीत आता एक लहान पोर बसली होती, पाय जमिनीला न टेकणारी, तळव्यांनी डोळे झाकलेली. नोबुएला रडू फुटलं. फुमीला तिनं मोकळं केलं होतं. एकदा गाणं होईल, फुमी आपलं नाव घेईल, आणि दोघी घरी जाऊन पेज खातील.

गोलानं पुन्हा गाणं धरलं. एकटं पोर जागं कोण?

पोरीनं मान किंचित कलती केली. ओळखलं होतं तिनं, नोबुएला ते कळलं.

"गेनझो," पोर म्हणाली.

सगळे खो खो हसले. गेनझो तर समोरच बसला होता. तो तेवढा हसला नाही.

तेवढ्यात खांबावरच्या भोंग्यातून साडेचारची धून सुरू झाली. मुलांनी घरी जावं म्हणून नगरपालिका ती अजूनही रोज लावते. गोल फुटला. चिनात्सुनं नोबुएचा कोट आणला, त्या पोरीच्या अंगावर घातला आणि तिचा हात धरून म्हणाली, "चला नोबुए आजी, गाडी आलीये. आज अगदी हलक्या चालताय हो." सगळे गाडीत चढताना चिनात्सुनं माणसं मोजली. बरोबर भरली.

गेनझो दारात थांबला. खुर्चीच्या मागं, नेमकं नोबुएकडं, त्यानं पाहिलं आणि तोंड उघडलं. पण मधलं माणूस निघून गेलं होतं, आणि नाव घ्यायचं ते मधल्यानंच. तो मान खाली घालून गेला.

दिवे विझले. नोबुएनं दोन्ही पाय जुळवून घेतले आणि ती उभी राहिली.