दडवलेल्या चादरी

"हसू नकोस ना, आई! पार्टनर असे हसत नाहीत."

"मग कसे असतात?"

"कसेच नसतात. नुसते बघत बसतात."

मी हसू आवरलं आणि नुसती बघत बसले. समोर माझी लेक बारकी, मांडीवर वही घेऊन ताठ बसली होती. पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. तो बाजूला सारून मी तिथंच पार्टनर झाले होते.

बारकीनं अर्ज केला होता ती कंपनी सल्ला देणारी होती. कुणाचा कारखाना, कुणाचं दुकान नीट चालत नसेल, तर हे लोक जाऊन सांगतात, असं करा, तसं करा. सल्ला द्यायला आपल्यात माणसांची वाण कधीच नव्हती, पण त्याचा पगार मिळतो हे मला बारकीमुळे कळलं. दोन मुलाखती कॉम्प्युटरवर झाल्या होत्या. आता शेवटची, समोरासमोर, तीन पार्टनरांपुढे, म्हणजे कंपनीच्या मालकांपुढे, येत्या सोमवारी. दीडशे जणांतून सहा उरले होते. तिच्याबरोबर सराव करणारी मैत्रीण दुसऱ्या फेरीत गळाली आणि बोलेनाशी झाली, म्हणून ती जागा माझ्याकडे आली. कार्डावरचा प्रश्न वाचायचा आणि मधूनमधून "कशावरून?" म्हणायचं, एवढंच माझं काम.

बारकी जन्मली तेव्हा दोन किलोचीसुद्धा नव्हती, म्हणून ते नाव पडलं ते पडलंच. मी ज्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत सव्वीस वर्षं चादरी धुते, मोजते आणि वॉर्डावॉर्डात पोचवते, तिथंच ती जन्मली. ती चार वर्षांची असताना तिचे वडील गेले. तेव्हापासून आम्ही दोघीच. ही नोकरी तिला मिळावी, यापलीकडे त्या आठवड्यात मला काही नको होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी कार्ड उचललं आणि वाचून मलाच गंमत वाटली. एका हॉस्पिटलात दरवर्षी नव्या चादरी घेतात, तरी वर्षभर तुटवडा. कारण शोधा.

बारकीनं लगेच वहीत चौकटी काढायला घेतल्या. चोरी. फाटणं. मोजणीतली चूक. खरेदीच कमी. एका चौकटीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. बोलत होती छान, मोठ्या ऑफिसात शोभेल असं. मी दोनदा "कशावरून?" म्हटलं. तिसऱ्यांदा मात्र राहवलं नाही.

"चोरी नाही गं. दडवतात."

"कोण?"

"सिस्टर. औषधांच्या कपाटात खालच्या खणात बघ, दहा चादरी निघतील. एकीनं तर खोक्यात घालून वर लिहिलं होतं, 'जुने रिपोर्ट'."

"कशाला पण?"

"आमची चादरींची ढकलगाडी कधी सातला यायची, कधी दहाला. पेशंट ओल्यात पडून राहिला तर शिव्या कोण खातं? सिस्टर. मग ती आज चार जास्त मागते आणि ठेवून देते. तिनं ठेवल्या की दुसऱ्या वॉर्डाला कमी पडतात. मग तीही ठेवते. चादरी तिथल्या तिथंच असतात, आणि सगळे बोंब मारतात चादरी नाहीत म्हणून."

बारकीचं पेन थांबलं. "मग काय केलंत?"

"केलंत नाही, केलंस म्हण. मी एकटीनं. सकाळी सातच्या ठोक्याला आणि दुपारी दोनच्या ठोक्याला गाडी दारात. अर्धी रिकामी असली तरी न्यायची, पण वेळ चुकवायची नाही. दीड महिना पाय तुटले. मग एक दिवस मोठ्या सिस्टरनी आपणहून कपाट उघडलं. म्हणाल्या, मावशी, ह्या बावीस चादरी घेऊन जा, उगाच जागा अडते. मग बाकीच्यांनीही काढल्या. त्या वर्षी नव्या चादरी घ्याव्याच लागल्या नाहीत."

"साहेब काय म्हणाले?"

"मीटिंगमध्ये नव्या मशीनचं कौतुक केलं म्हणे. मशीन तेव्हा अजून खोक्यात होतं."

बारकी हसली नाही. "तू हे कधी बोलली नाहीस मला."

"विचारलं कुणी?"

मग ती विचारत गेली. किती वॉर्ड, किती चादरी, आधी काय केलं, नंतर काय. दीड पान भरलं. मी उठून पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. सव्वीस वर्षांत माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या पोरीनं घेतलं, आणि मला भरून आलं.

सोमवारी ती परतली तेव्हा मी दारातच होते. लांबूनच तिची चाल बघून कळलं, चांगलं झालंय.

"आई, बसच्या डेपोचा प्रश्न होता! बसगाड्या बंद पडून आहेत आणि सुटे भाग मिळत नाहीत. मी म्हटलं, भाग संपलेत असं आधीच धरू नका. वेळेवर मिळतील असा भरवसा नसेल, तर मेकॅनिकच दडवून ठेवत असतील. कपाटं बघा. तिघंही खुर्चीत पुढं सरकले!"

"मग?"

"विचारलं, हे कुठून सुचलं?"

"तू काय म्हणालीस?"

ती बुटाची नाडी सोडायला वाकली. "सांगितलं की. माझी आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे, तिनं हे करून दाखवलंय म्हणून. त्यातल्या मॅडमनी तुझं नाव लिहूनसुद्धा घेतलं."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत मी वॉर्डात सांगितलं, दुसऱ्या फेरीपर्यंत ते ऑपरेशन थिएटरात पोचलं होतं. मोठ्या सिस्टरनी डॉक्टरांच्या देखत माझ्या पाठीवर थाप मारली. "आमच्या मावशी म्हणजे काय समजलात!" मी "चला, काहीतरीच तुमचं" म्हणत गाडी पुढं ढकलली, पण खोटं कशाला सांगू, त्या दिवशी गाडी हलकी लागत होती.

गुरुवारी संध्याकाळी बारकी भांडी घासत होती आणि फोन वाजला. हात साबणाचे, म्हणून ती ओरडली, "आई, उचल, स्पीकरवर टाक!"

मी टाकला. त्याच मॅडम होत्या. आवाज गोड होता.

"अभिनंदन. आमचं तिघांचं एकमत झालं. पत्र उद्या येईल. आणि हो, तुमचा तो कॉलेजातला हॉस्पिटलचा प्रोजेक्ट, चादरींचा. त्याचा अहवाल रुजू होताना घेऊन या. आमच्या नव्या लोकांना दाखवायचाय."

बारकीनं माझ्याकडे बघितलं नाही. "हो, मॅडम," म्हणाली. "थँक्यू, मॅडम."

फोन बंद झाला. नळ वाहत होता. मी तो बंद केला.

"आई, बाहेर बसलो होतो ना, तेव्हा सगळे घरचंच बोलत होते. एकाचे वडील सर्जन, एकीची आई बँकेत मोठी अधिकारी. आत विचारलं आणि तोंडातून निघून गेलं गं. मग घरी आले तर तू दारात उभी. तुला कसं सांगू?"

"नोकरी मिळाली ना? आधी हात पूस."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. साबणाचा ओला हात माझ्या पाठीवर होता. मी तिला थोपटलं. आनंद झाला होता, खरंच झाला होता. आणि वाईटही तितकंच वाटलं होतं. ते कुणाला सांगायचं, हे कळेना.

तिच्यावर रागावायला मी सुरुवात केली होती, मनातल्या मनात. पण मला एक जुनी गोष्ट आठवली. ती पहिलीत असताना शाळेचा फॉर्म आला होता. आईचा व्यवसाय. ती पेन्सिल चावत म्हणाली, "काय लिहू? कपडे धुते?" मी म्हटलं होतं, "शहाणीच आहेस! हॉस्पिटलात नोकरी, एवढंच लिही. कपडे धुते म्हणून सांगू नकोस कुणाला." दरवर्षी फॉर्म यायचा आणि दरवर्षी ती तेच लिहायची, न विचारता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

रविवारी तिनं भीत भीत विचारलं, "आई, तो अहवाल..."

"बस. मी सांगते, तू लिही."

सकाळपासून दुपारपर्यंत लिहिलं. कुठल्या वॉर्डातून किती चादरी निघाल्या, कुठल्या आठवड्यात, सगळं मला तोंडपाठ होतं. एकदा तिनं तीसच्या जागी तेरा घातले, ते मी सुधारले. शेवटी पहिल्या पानावर तिनं स्वतःचं नाव घातलं आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

"लिही, लिही," मी म्हटलं. "चहा गार होतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात मोठ्या सिस्टर चादरी मोजून घेत होत्या. बारकीची नोकरी पक्की झाल्याचं त्यांना सांगितलं, तर त्यांनी मोजणं सोडून माझे दोन्ही हात धरले. त्यांना इथं येऊन अकरा वर्षं झाली, पण हात पहिल्यांदाच धरले.

"बघा! तुमच्यामुळे मिळाली, मावशी. आणि त्या मॅडमनी लिहून घेतलं ना तुमचं नाव, ते नीट घेतलंय ना? नाहीतर तिथंही नुसतंच 'मावशी' लिहिलं असेल."

"नाही हो," मी म्हटलं. "पूर्ण नाव. आडनावासकट."